पाहुणीचे मराठी

यंदा गौरीच्या जेवणाला आमच्या चिंचवडच्या घरी एक अमेरिकन पाहुणी होती. वय पंचविशीच्या आत. शिष्यवृत्ती मिळवून चाकणच्या एका कारखान्यात दहा महिने उमेदवारी करायला आलेली. त्यातले आठ महिने सरले होते. ‘आमटी’ हा शब्द तिला येत होता, ‘पुरे’ हा येत नव्हता. त्यामुळे बिचारीने चार पुरणपोळ्या खाल्ल्या!

मी विचारले, “आठ महिन्यांत एवढेच मराठी?”

ती हसली. “मी मराठीत विचारते, काकू, पण सगळे उत्तर इंग्रजीत देतात.”

मी गप्प बसले. कारण माझा प्रश्नही इंग्रजीतच होता.

तरुणांना असे परमुलखात धाडण्याची अमेरिकेची रीत जुनी. भारताशी त्यांचा फुलब्राइट करार झाला १९५० साली. १९७४ पासूनच्या लूस शिष्यवृत्तीची तर गंमतच आहे. ‘टाइम’ साप्ताहिकाचे संस्थापक हेन्री लूस यांच्या फाउंडेशनची ही योजना. ज्यांचा आशियाशी फारसा संबंध आलेला नाही, अशांसाठीच ती मुख्यतः काढलेली! वर्षभर तिथल्या माणसांत राहा, काम करा आणि शिका. आपल्याकडे आधी अनुभव मागतात, मग नोकरी देतात.

पण शिकणार कसे? गेल ऑम्व्हेट १९६३ साली अशाच फुलब्राइटवर इंग्रजी शिकवायला भारतात आल्या. पुढे महाराष्ट्रातल्या ब्राह्मणेतर चळवळीवर प्रबंध लिहून त्यांनी बर्कलेची डॉक्टरेट घेतली, १९८३ साली भारताचे नागरिकत्व घेतले आणि २०२१ साली सांगली जिल्ह्यातल्या कासेगावात, आपल्या सासरी, देह ठेवला. कासेगावच्या बायकांनी इंग्रजी बोलून त्यांची ‘सोय’ केली असेल, असे मला मुळीच वाटत नाही.

आमच्या या पट्ट्यात मात्र सोय फार. पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, चाकणला पुढे जर्मन मोटारींचे कारखाने आले. परका माणूस दिसला की आमची जीभ आपोआप इंग्रजीकडे वळते, आणि वर त्यालाच आम्ही आतिथ्य म्हणतो!

शेवटी मी एक केले. आमच्या स्वयंपाकाच्या मावशींना इंग्रजीचे वारेही लागलेले नाही. गेल्या रविवारी पोरीला त्यांच्याबरोबर मंडईत धाडले. दोन तासांनी दोघी घामाघूम होऊन परतल्या. पिशवी खाली ठेवायच्या आतच ती म्हणाली,

“काकू, कांदा लई महाग! मी भांडली.”

आणि माझ्या तोंडून निघाले, “रिअली?”