आवाज येतो, पण चित्र नाही? दोष फाइलचा नाही, परवान्याचा असू शकतो

फोनवर मस्त चालणारा व्हिडिओ टीव्हीला जोडलेल्या कॉम्प्युटरवर लावला, की नुसता आवाज येतो आणि स्क्रीन काळीच. हा प्रश्न मला सारखा विचारला जातो. बहुतेकांना वाटतं फाइल खराब आहे, नाहीतर केबल गेली. पण कारण अनेकदा कोडेकमध्ये असतं.

व्हिडिओ कमी जागेत साठवायच्या आणि पुन्हा उलगडायच्या पद्धतीला कोडेक म्हणतात. एचईव्हीसी, म्हणजेच एच.२६५, हा २०१३ चा कोडेक. आयफोन २०१७ पासून तो वापरतोय, बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्येही पर्याय असतो. पण त्यावर पेटंट आहेत, म्हणून कंपन्यांना रॉयल्टी भरावी लागते. विंडोजसाठीचं एचईव्हीसी एक्स्टेन्शन मायक्रोसॉफ्टनं अमेरिकेत ०.९९ डॉलरला विकायला ठेवलं, ते यामुळंच.

नोव्हेंबर २०२५ मध्ये तर आणखी एक गोष्ट समोर आली. एचपी आणि डेलनं आपल्या काही लॅपटॉपमध्ये एचईव्हीसीची हार्डवेअर सोय बंद ठेवली होती. प्रोसेसरमध्ये सोय आहे, पण तिला कुलूप! माझ्या मते हे ग्राहकाला खरेदीआधी ठळकपणे सांगायलाच हवं. पैसे आपण पूर्ण चिपचे मोजतो.

तुमच्याकडे अडचण आली तर या क्रमानं तपासा:

१. तीच फाइल व्हीएलसीमध्ये लावा. हा फुकट प्लेअर स्वतःचे कोडेक घेऊन येतो. इथं चाललं, तर फाइल ठीक आहे, विंडोजकडे कोडेक नाही.

२. व्हीएलसीमध्येही अडखळतंय? टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स टॅबमध्ये बघा. सीपीयू १०० टक्क्यांवर आणि जीपीयूचा व्हिडिओ डीकोड शून्यावर असेल, तर सगळं ओझं प्रोसेसर एकटा वाहतोय. हँडब्रेकनं फाइल एच.२६४ मध्ये बदलून घ्या.

३. ओटीटीचं ४के दिसत नसेल, तर प्रश्न वेगळा. तिथं कॉपी-संरक्षण असतं. कॉम्प्युटर, केबल आणि टीव्ही या सगळ्या साखळीला एचडीसीपी २.२ चालावं लागतं.

आणि एक, अनोळखी साइटवरचे ‘कोडेक पॅक’ टाकू नका. त्यातून व्हायरस येऊ शकतो.

यातून सुटका म्हणून २०१८ मध्ये एव्ही१ हा रॉयल्टी-मुक्त कोडेक आला. यूट्यूब तो वापरतं. पण इंटेलच्या ११व्या पिढीच्या आधीच्या प्रोसेसरमध्ये त्याची हार्डवेअर सोय नाही. जुन्या मशीनवर यूट्यूबचं ४के अडखळलं, तर १०८०पी लावून बघा.

टीव्हीसाठी नवा कॉम्प्युटर घ्यायचाय? मग पेनड्राइव्हवर तुमच्या फोनचा एक ४के व्हिडिओ घेऊन दुकानात जा. विंडोजच्या प्लेअरमध्ये आणि ब्राउझरमध्ये, दोन्हीकडे चालवून बघा. पैसे त्यानंतरच द्या.