वाढीव शिक्षा मागे नको, सवलत मात्र हवी

1 जुलै 2024 रोजी भारतीय न्याय संहिता लागू झाली, तेव्हापासून ठाणे-कल्याणच्या लोकलमध्ये एक मत ऐकू येतं: कायदा कडक झालाय ना, मग जुन्या आरोपींनाही तोच लावा, गुन्हा तेव्हाही गुन्हाच होता.

या मतामागचा संताप मला कळतो. 20 ऑगस्ट 2024 रोजी शाळेतल्या मुलींवरच्या अत्याचाराविरोधात बदलापूरचे लोक रुळांवर उतरले, तो संताप रास्तच होता. मत मात्र चूक आहे. गुन्हा घडताना कायद्यात होती त्याहून जास्त शिक्षा देता येत नाही, असं संविधानाचं कलम 20(1) बजावतं. डोंबिवली स्थानकात जून 2024 मध्ये मोबाइल चोरणाऱ्या एखाद्या टोळीला नव्या संहितेचं कलम 112, म्हणजे एक ते सात वर्षांची कैद, लावता येणार नाही. जुन्या दंड संहितेच्या कलम 379 प्रमाणे कमाल तीन वर्षंच. यात गुन्हेगार मोकळा सुटतो कुठे? मे 2019 मधल्या छत्तीसगडच्या पॉक्सो खटल्यात त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कायद्यात वाढलेली शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने 2025 मध्ये रद्द केली, पण दोषसिद्धी कायम ठेवली आणि जुन्या कायद्यातली जन्मठेपही.

दुसरा आक्षेप जास्त चतुर आहे: मग सवलतही मागे नेऊ नका. पण कलम 20(1) हे सरकारच्या हाताला घातलेलं बंधन आहे; ते नागरिकाविरुद्ध कसं वापरायचं? रतनलाल खटल्यात सोळा वर्षांच्या मुलाला, शिक्षा झाल्यानंतर लागू झालेल्या परिवीक्षा कायद्याचा (तुरुंगाऐवजी देखरेखीखाली सोडण्याचा) लाभ सर्वोच्च न्यायालयाने 1964 मध्येच खुला केला होता.

बदलापूरच्या आंदोलनानंतर तिसऱ्याच दिवशी, 23 ऑगस्टला, सर्वोच्च न्यायालयाने नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याचं, कलम 479 जुन्या कच्च्या कैद्यांनाही लागू केलं. यापूर्वी कुठल्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या आरोपीने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ तुरुंगात काढला की त्याला जामीन मिळायला हवा. तीन वर्षांच्या चोरीत, दीड वर्षाऐवजी एक वर्ष. फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्यांना आणि अनेक खटले असलेल्यांना ही सवलत नाही, म्हणजे लोकांना ज्यांची भीती वाटते ते यातून सुटत नाहीत.

यासाठी न्यायालयात अर्ज करण्याची जबाबदारी कायद्याने तुरुंग अधीक्षकावर टाकली आहे. ठाणे आणि कल्याणच्या आधारवाडी कारागृहांनी पात्र कैद्यांची यादी दर महिन्याला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे द्यावी, आणि ठाणे-कल्याणच्या वकिलांनी ती मागून घ्यावी.