रिव्हेट मोजणाऱ्यांना हसू नका

जानेवारी उजाडला की इंग्लंडमधल्या मॉडेल रेल्वेवाल्यांत दरवर्षी तोच गोंधळ. हॉर्नबी वर्षभराची नवी इंजिनं जाहीर करते आणि तासाभरात भांडणं सुरू. "परत फ्लाइंग स्कॉट्समनच?" "एवढी किंमत?" "धुराडं बुटकं झालंय." "आमच्या भागातलं इंजिन कधी काढणार?" फोटो मोठा करून चाकाचे आरे मोजणारेही असतात. अशा लोकांना तिकडे 'रिव्हेट काउंटर' म्हणून चिडवतात.

मलाही हा नाद आहे, आणि आधी मीही हसायचो. आता हसत नाही. कारण सांगतो.

या कटकटीतून काम होतं, मंडळी. कंपन्या आधी कॉम्प्युटरवरची चित्रं दाखवतात, मग पहिला नमुना. पोलादी साचा एकदा कापला की बदल महाग पडतो, त्यामुळे चूक वेळेत सापडणं फायद्याचं असतं. चूक कोण सापडवतो? ज्याच्याकडे जुने फोटो आहेत, ड्रॉइंग आहेत, जो जतन केलेल्या इंजिनासमोर टेप घेऊन उभा राहिलाय तो. ब्रिटिश रेल्वेवरची वाफेची नियमित गाडी ऑगस्ट १९६८ मध्ये थांबली. तरी त्यानंतर जन्मलेली माणसं सेफ्टी व्हॉल्व्हच्या जागेवरून रात्रभर वाद घालतात. ही माहिती जिवंत ठेवायचं काम त्यांनी फुकटात केलंय.

त्यांचं सगळंच बरोबर असतं असं नाही. किमतीची ओरड अर्धीच खरी. शेकडो बारीक भाग हाताने जोडायचे आणि विकायचे थोडेच नग, म्हटल्यावर स्वस्त कसं मिळणार? पण २०१९ मध्ये दोन कंपन्यांनी एकाच 'टेरियर' टँक इंजिनाची मॉडेल एकाच सुमारास आणली, तेव्हा लोक वैतागले ते योग्यच होतं. गिऱ्हाईक मूठभर, त्यातही वाटणी.

आता आपल्याकडे या. आपलं डब्ल्यूपी, गोल नाकावर तारा असलेलं. १९४७ पासून ७५५ इंजिनं आली. त्याचं मॉडेल करायचं तर पहिली अडचण रुळाची. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर. १:८७ प्रमाणात तो साधारण १९.३ मिलिमीटर व्हायला हवा. तयार मिळणारा रूळ १६.५ चा. म्हणजे वर धिप्पाड अंग आणि खाली काड्यांसारखे पाय! पण रुळाचं सोडा. उद्या कुणी असं मॉडेल जाहीर केलं, तर त्यातली चूक सांगणारे आपण किती जण निघू?

एक उदाहरण देतो. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरने बार्शी लाइट रेल्वे उभी केली, १८९७ मध्ये. अडीच फुटी रूळ. पुढे याच माणसाने इंग्लंडात लीक अँड मॅनिफोल्ड ही तेवढ्याच रुंदीची छोटी लाइन केली. ती १९३४ मध्ये बंद पडली, तरी तिकडचे हौशी आजही तिची इंजिनं बनवतात. आणि आपली बार्शी लाइन? तिने वारकऱ्यांना पंढरपूरला नेलं, ती मिरजेपर्यंत आणि लातूरपर्यंत गेली. तिच्या इंजिनाचा रंग कुठला होता, यावर वाद घालणारे दहा जण तरी आज गोळा होतील का?

आपल्या हातात अजून एक गोष्ट आहे, जी तिकडे संपत आलीय. आपल्याकडे ब्रॉडगेजवर वाफेचं इंजिन १९९५ पर्यंत रोज धावलं. ते चालवणारे ड्रायव्हर, कोळसा टाकणारे फायरमन आज तुमच्या-माझ्या घरात आहेत. आणखी पंधरा-वीस वर्षांनी नसतील.

म्हणून दोन मागण्या. रेल्वेने जुन्या इंजिनांची ड्रॉइंग सगळ्यांना बघता येतील अशी खुली करावीत. तिकडे यॉर्कच्या रेल्वे म्युझियममधून अशा ड्रॉइंगच्या प्रती मिळतात, इथे का नको?

दुसरी मागणी तुमच्याकडे. आजोबा लोकोशेडमध्ये होते? मग फोन काढा, त्यांना बोलतं करा, रेकॉर्ड करा. जुना अल्बम असेल तर फोटोमागे साल आणि गाव लिहा. पुण्यात असाल तर कोथरूडच्या जोशींच्या मिनिएचर रेल्वे म्युझियममध्ये पोरांना एकदा न्याच.

इंजिनाचं धुराडं चुकलंय हे सांगायलाही ते आधी माहीत असावं लागतं. तुमच्या घरात कुणी स्टीमवर होतं का? खाली लिहा.