मे महिन्यात जन्मलेले मूल

मे महिन्यात खानापूर तालुक्याच्या जंगलपट्ट्यात जन्मलेल्या एखाद्या बाळाचा विचार करावा. सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याच्या त्याच्या लसी बरोबर जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या आरंभापर्यंत येतात. नेमके याच काळात ओढे भरतात, लाकडी साकव वाहून जातात आणि लसींची शीतपेटी खांद्यावर घेऊन निघालेली परिचारिका अलीकडच्या तीरावर उभी राहते. त्या बाळाचे लसीकरण अपूर्ण राहिले, तर दोष त्याच्या जन्ममासाला द्यायचा काय?

बालरोगतज्ज्ञ म्हणून बेळगावात बसून मी या गावांतील मुले पाहत आलो आहे. पावसाळ्यात येणारे मूल सहसा तिसऱ्या-चौथ्या दिवशी येते. न्यूमोनिया तोवर दोन्ही फुफ्फुसांत पसरलेला असतो. "काल का नाही आणलेत?" असे मी एकदा एका बापाला जरा तडकूनच विचारले. "डॉक्टरसाहेब, काल पाणी उतरले नव्हते," तो शांतपणे म्हणाला. त्यानंतर हा प्रश्न मी कोणालाही विचारलेला नाही.

भीमगड अभयारण्य 2011 साली घोषित झाले. क्षेत्र सुमारे 190 चौरस किलोमीटर. त्याच्या पोटात आमगाव, गवाळी, कृष्णापूर, देगाव, तळेवाडी अशी तेरा गावे आहेत. बहुतेकांची बोली मराठी. देगावच्या परिसरात म्हादई उगम पावते. तिच्या पाण्यासाठी 2010 मध्ये लवाद नेमला गेला, 2018 मध्ये निवाडा आला, कर्नाटकाच्या वाट्याला 13.42 टीएमसी पाणी लिहिले गेले. परंतु उगमाशी राहणाऱ्या माणसाला पावसाळ्यात ओढा ओलांडता येत नाही, याची नोंद कोणत्याच निवाड्यात नाही. जुलै 2024 मध्ये आमगावच्या एका आजारी महिलेला भर पावसात लाकडी डोलीवरून जंगलवाटेने न्यावे लागले, तेव्हा वृत्तपत्रांनी छायाचित्रे छापली आणि प्रश्न बेंगळूरपर्यंत पोहोचला.

त्यानंतर जे घडले ते लोकप्रतिनिधींच्या खात्यात प्रामाणिकपणे जमा केले पाहिजे. वनमंत्री ईश्वर खंड्रे, जे स्वतः बिदर जिल्ह्यातील भालकीचे आमदार आहेत, त्यांनी पुनर्वसनाचा विषय हाती घेतला. मे 2025 मध्ये तळेवाडीच्या 27 कुटुंबांना प्रत्येकी 15 लाखांपैकी 10 लाखांचा पहिला हप्ता मिळाला. त्याआधी 2018 ते 2023 या काळात खानापूरच्या आमदार असलेल्या डॉ. अंजली निंबाळकर यांनी माता-शिशु रुग्णालयाचा पाठपुरावा केला. त्या स्वतः आपल्याच व्यवसायातल्या, त्यामुळे मला त्याचे विशेष वाटते. खानापूरकरांनी 2013 मध्ये महाराष्ट्र एकीकरण समितीचे अरविंद पाटील, 2018 मध्ये काँग्रेसच्या डॉ. निंबाळकर आणि 2023 मध्ये भाजपचे विठ्ठल हलगेकर यांना निवडून दिले. तीन निवडणुका, तीन पक्ष; मागणी मात्र तीच.

माझा मतभेद आहे तो पुढच्या टप्प्याबद्दल. पुनर्वसन हे स्वेच्छेचे आहे. वनहक्क कायदा 2006 ग्रामसभेची मोकळी, माहितीपूर्ण संमती मागतो, आणि ते योग्यच आहे. काही कुटुंबे उतरतील, काही थांबतील, काही दहा वर्षे विचार करतील. तोपर्यंत मे महिन्यात मुले जन्मणे थांबणार आहे काय? "गाव हलणारच आहे, मग साकव कशाला?" हा युक्तिवाद मी कार्यालयांत ऐकला आहे, आणि डॉक्टर या नात्याने तो मला असह्य होतो. मरणासन्न रुग्णालाही आपण सलाइन लावतोच.

याच कायद्याच्या कलम 3(2) मध्ये शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रस्ता अशा सोयींसाठी प्रत्येक कामाला एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देता येते. हेक्टरी 75 पेक्षा अधिक झाडे तोडावी लागू नयेत आणि ग्रामसभेची शिफारस हवी, एवढ्याच अटी. अभयारण्य असल्याने वन्यजीव कायद्याचे निर्बंध निराळे आहेत, हे मान्य. पण ग्रामसभेचा ठराव, नकाशा, वनखात्याचा अभिप्राय ही कागदपत्रे एकत्र करून टेबलामागून टेबल फिरणे हेच तर आमदाराचे काम! उद्घाटनाच्या फितीपेक्षा ते कंटाळवाणे असते, म्हणून मागे पडते.

आणि आपण डॉक्टर मंडळी? डिसेंबरात सुवर्णसौधात अधिवेशन भरते, मंत्री-आमदार आपल्या दारात येतात. आपण त्यांना सत्काराला बोलावतो, शाल-श्रीफळ देतो, रुग्णालयांच्या परवान्यांचे गाऱ्हाणे सांगतो आणि छायाचित्र काढून घेतो. मीही अशा छायाचित्रांत आहे.

पुढच्या भेटीत माझ्यासोबत एक साधा कागद असेल. जंगलपट्ट्यातील गरोदर स्त्रियांपैकी ज्यांची प्रसूती जून ते सप्टेंबर दरम्यान अपेक्षित आहे, त्यांची गाववार यादी आशा कार्यकर्त्यांकडून मेच्या पहिल्या आठवड्यात घ्यावी. अशा प्रत्येकीला तारखेच्या दोन आठवडे आधी खानापुरात सोबतीच्या बाईसह राहण्या-जेवण्याची सोय द्यावी. मे महिन्यातील बाळांच्या लसींसाठी पाणी उतरेल त्या दिवशी निघणारे वाहन राखून ठेवावे. आपल्या संस्थेतील चार बालरोगतज्ज्ञांनी आळीपाळीने एकेक रविवार द्यायचे कबूल केले आहे. पाचवे नाव हवे आहे.