पाद्यपूजनाआधी एक मीटिंग घ्या

मंडळाच्या कार्यकर्त्यांनो, आणि ज्यांच्या घरी दीड दिवसाचा, पाच दिवसांचा गणपती येतो अशा गिरगाव, लालबाग, परळ, दादरच्या माझ्या माणसांनो,

अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, ओहोटी लागल्यावर, एकदा दादर चौपाटीवर जा. ओरडून ओरडून आपला घसा बसलेला असतो, केसांतला गुलाल निघालेला नसतो. मी असाच गेलो होतो. वाळूत एक हात पडला होता. आशीर्वादाचा. तळव्यावरचा ॐ तसाच लाल. कोपरापाशी मोडला होता आणि आतला काथ्या बाहेर आला होता. पालिकेचे दोन कामगार तो उचलून डंपरकडे घेऊन गेले. तो हात समोरून गेला तेव्हा नमस्कार करावा की मान खाली घालावी, मला कळेना.

तो हात पीओपीचा होता. पीओपी, म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिस, हा भाजलेला जिप्सम. पाण्यात तो मातीसारखा सुटत नाही, महिनोन्‌महिने तसाच राहतो. रंगांत जड धातू असतील तर तेही पाण्यात उतरतात. उत्तरपूजा झाली, अक्षता वाहिल्या, की मूर्तीतलं देवत्व गेलं असं आपण मानतो. पण मूर्तीचं काय होतं, ते बघायला आपण तिथे थांबत नाही.

गणपतीत बदल सांगितला की कोणी ना कोणी म्हणतंच, ‘परंपरेला हात लावू नका.’ त्यांना आपल्याच दादरच्या गोष्टीची आठवण करून द्यावीशी वाटते. १९२६ साली इथल्या सार्वजनिक गणेशोत्सवात वर्गणी सगळ्यांची चालत होती, पण अस्पृश्य म्हटल्या गेलेल्या माणसाच्या हातची पूजा चालत नव्हती. समाजसुधारक प्रबोधनकार ठाकरे याविरुद्ध अडून बसले. रावबहादूर बोले त्यांच्या बाजूने उभे राहिले, बाबासाहेब आंबेडकरही आले. मोठा वाद झाला आणि अखेर दलित बांधवाने दिलेली फुलं गणपतीला वाहिली गेली. आज त्या वादात विरोध करणाऱ्यांची बाजू आठवली की आपल्याला लाज वाटते. तेव्हा मात्र तिलाही परंपराच म्हणत होते.

आता मांडवाबाहेर कोण उभं आहे, ते बघा. वरळी-माहीमचा कोळी, ज्याचं जाळं किनाऱ्यालगत पडतं. त्या पाण्यातलं मासळीचं पिल्लू. आणि अजून शंभर वर्षांनी याच चौपाटीवर वाळूचे किल्ले करायला येणारी आपल्या पणतवंडांची मुलं. यांतलं कोणी आपल्याला वर्गणी देत नाही, की आपल्या मीटिंगला हात वर करत नाही. त्यांच्या वतीने कोणीतरी अडून बसायला हवं, आणि ते काम आपल्याच वाट्याला आलं आहे.

उंचीचा अभिमान मला समजतो, मीही तो मिरवला आहे. पण ही उंची कालपरवाची आहे. लालबागच्या गणेश गल्लीत २२ फुटांची मूर्ती आली ती १९७७ मध्ये. गिरगावच्या केशवजी नाईक चाळीत १८९३ पासून गणपती बसतो आणि तिथे आजही लहानशी शाडूची मूर्ती असते. तिच्यापुढे हात जोडणाऱ्याची भक्ती कमी पडते, असं कोण म्हणेल? चतुर्थीच्या व्रतातला गणपती मुळात ‘पार्थिव’ आहे, म्हणजे मातीचा. मातीतून घडवायचा आणि मातीत परत द्यायचा.

आणि आपण हे करून दाखवलेलं आहे. २०२० मध्ये करोनाच्या काळात मंडळांना चार फूट आणि घरांना दोन फुटांची मर्यादा आली. लालबागच्या राजाच्या मंडळाने तर त्या वर्षी मूर्तीच बसवली नाही, रक्तदान आणि प्लाझ्मादानाचा आरोग्योत्सव केला. बाप्पा रुसला, असं कोणाच्या तोंडून मी ऐकलं नाही.

२०२५ मध्ये पीओपी मूर्तींचं प्रकरण उच्च न्यायालयात होतं. सहा फुटांपर्यंतच्या पीओपी मूर्ती कृत्रिम तलावात विसर्जित करायच्या असं ठरलं आणि त्याहून उंच मूर्तींना समुद्राची सवलत मिळाली. एवढ्यासाठी सात फुटांची मूर्ती सांगू नका. सवलत न्यायालयाने दिली, समुद्राने दिलेली नाही.

मूर्तिकारांचा मात्र विचार करा. परळ-लालबागच्या मूर्तिशाळांमध्ये हजारो हातांचं पोट या धंद्यावर आहे. शाडूची मूर्ती जड असते, पावसाळी हवेत लवकर सुकत नाही, नेताना तडकते, आणि साच्यातून भराभर निघत नाही. म्हणून ती महाग. पैसे कमी देऊन माती मागायची, हा अन्याय आहे. आगमन सोहळ्याच्या डीजेचे पैसे वाचवा आणि ते मूर्तिकाराला आगाऊ द्या, तेही लवकर. शाडूतही दोष आहेच, तिचा गाळ साचतो. म्हणून ती मूर्तीही लहानच हवी, आणि तलावात किंवा घरच्या बादलीत विसर्जित व्हायला हवी.

आमच्याकडे गेली काही वर्षं बादलीच असते. मूर्ती पाण्यात ठेवली की आधी बुडबुडे येतात. मग कानांच्या कडा सुटतात, सोंड खाली येते. नात पाटावर बसून बघत राहते, तिला झोपायला उठवावं लागतं. सकाळी बादलीच्या तळाशी मऊ चिखल असतो, तो ती ओंजळीने तुळशीला घालते.

मंडळांसाठी पुण्याचा मार्ग आहे. दगडूशेठसारख्या तिथल्या अनेक मंडळांची मोठी मूर्ती कायमची असते. दर्शनाची भव्यता तशीच ठेवा, फक्त पूजेची आणि विसर्जनाची मूर्ती मातीची आणि हातात मावेल एवढी करा.

हे सगळं श्रावणात बोलून उपयोग नाही. पाद्यपूजन, म्हणजे मूर्ती घडवायला घेतानाची पायांची पूजा, झालं, साचा भरला, पावती फाटली, की विषय संपतो. म्हणून त्याआधी मीटिंग बोलवा. चाळीतल्या बायकांना बोलवा, कॉलेजच्या पोरांना बोलवा, शेजारच्या कोळीवाड्यातलं कोणी येत असेल तर त्यालाही खुर्ची द्या. आणि पहिला विषय मूर्तीच्या उंचीचा घ्या.