चिवटपणाचे पोवाडे कोणाच्या सोयीचे?

फिलिपिन्समध्ये जमीन हादरली की तेथील राज्यकर्त्यांच्या भाषणांत एक शब्द हमखास अवतरतो: चिवटपणा. हे लोक पडतात, धूळ झटकतात आणि हसत पुन्हा उभे राहतात, असे त्यांचे पोवाडे गायिले जातात. ऐकायला हे गोड आहे. परंतु ज्याचे घर पडले त्याच्या गुणांचे कौतुक एकदा सुरू झाले की घर का पडले हा प्रश्न मागे सरतो. आणि या कौतुकाचा खरा उपयोगही तोच आहे.

निसर्गाचा वाटा कोणी नाकारीत नाही. पूर्वेकडून फिलिपाइन समुद्राचा भूपट्ट आणि पश्चिमेकडून सुंदा भूपट्ट यांच्या चिमटीत हा द्वीपसमूह सापडलेला आहे. ल्युझॉनपासून मिंडानाओपर्यंत सुमारे १२०० किलोमीटर लांबीचा भ्रंश देशाला उभा चिरत जातो. येथे भूकंप होणारच. मात्र भूकंप वेगळा आणि आपत्ती वेगळी. भूकंपाचा उगम खडकांत असतो. आपत्तीचा उगम सिमेंटच्या मिश्रणात, जमिनीच्या मालकीत आणि कंत्राटाच्या टक्केवारीत शोधावा लागतो. २ ऑगस्ट १९६८ रोजी मनिलातील रुबी टॉवर ही सहा मजली इमारत कोसळून अडीचशेहून अधिक माणसे मेली. भूकंपाचे केंद्र तेथून सुमारे दोनशे किलोमीटर दूर, कासिगुरानजवळ होते! सदोष आराखडा आणि हलक्या प्रतीचे बांधकाम साहित्य यांचे आरोप तेव्हाच झाले. पुढे १६ जुलै १९९० रोजी कबानातुआन शहरात एका महाविद्यालयाची इमारत दिवसाढवळ्या खाली बसली आणि विद्यार्थी वर्गातच गाडले गेले.

मराठी वाचकाला हे पटवून देण्याची गरज पडू नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला बसलेला धक्का हा, ३० सप्टेंबर २०२५ च्या रात्री सेबू बेटाच्या उत्तरेस बोगोजवळ बसलेल्या ६.९ क्षमतेच्या धक्क्यापेक्षा लहान होता. तरीही सेबूत सत्तरांहून अधिक बळी गेले, आणि आपल्याकडे सुमारे आठ हजार. झोपेची वेळ हे एक कारण खरे. पण माणसे मारली ती मातीत रचलेल्या जड दगडी भिंतींनी. सत्तर हा आकडा लहान, असा अर्थ मात्र यातून कोणी काढू नये.

कारण सेबूची कथा तेथे संपत नाही. या भूकंपाच्या नऊच दिवस आधी, २१ सप्टेंबरला, म्हणजे १९७२ सालच्या लष्करी कायद्याच्या स्मरणदिनी, मनिलाच्या रस्त्यांवर हजारो लोक पूरनियंत्रणाच्या कामांतील लुटीविरुद्ध उतरले होते. कागदावर पूर्ण झालेले काही बांध जागेवर नव्हतेच. ४ नोव्हेंबरला काल्मेगी हे तुफान सेबूवर आले आणि पुरात शंभराहून अधिक माणसे दगावली. पूरनियंत्रणाचे २६ अब्ज पेसो गेले कोठे, असा सवाल त्या वेळी खुद्द प्रांताच्या गव्हर्नरांनी केला. आता या लोकांच्या चिवटपणाला हार घालायचे, की त्या २६ अब्जांचा हिशेब मागायचा?

याच सेबूत आर्निस अथवा एस्क्रिमा ही काष्ठविद्या नांदते. वेताच्या दीड हात लांबीच्या काठीने, पुष्कळदा दोन काठ्यांनी खेळली जाणारी ही विद्या पाहताना आपल्या लाठीकाठीच्या आखाड्याची आठवण व्हावी. 'दोसे पारेस' हा तिचा नामांकित संघ १९३२ साली सेबूतच स्थापन झाला. डिसेंबर २००९ मध्ये सरकारने कायदा करून आर्निसला राष्ट्रीय युद्धकला व क्रीडा ठरविले. त्यानंतर सहा महिन्यांच्या आत, मे २०१० मध्ये, आपत्ती व्यवस्थापनाचा कायदा आला.

या विद्येच्या गौरवाला मॅक्टानची लढाई लागतेच. सेबूला लागून असलेल्या या बेटावर २७ एप्रिल १५२१ रोजी लापुलापुच्या माणसांनी मॅगेलनला ठार केले. ते आर्निसच्या बळावर जिंकले असे सांगतात. पुरावा फार पातळ आहे, आणि आर्निस व एस्क्रिमा ही नावेच मुळी स्पॅनिश शब्दांवरून आलेली. त्यापेक्षा मोहिमेतील पिगाफेट्टाने लिहिलेली हकिगत पाहावी. उथळ पाण्यातील खडकांमुळे नौका किनाऱ्यापासून लांब राहिल्या आणि त्यांवरील तोफा निरुपयोगी ठरल्या. मांडीभर पाण्यातून चालत आलेल्या पन्नासएक माणसांसमोर, त्याच्या अंदाजाने, दीड हजारांहून अधिक माणसे तीन तुकड्यांत उभी होती. शत्रूच्या अंगावर चिलखत आहे, पाय मात्र उघडे आहेत, हे हेरून त्यांनी पायांवरच मारा केला. आपला किनारा ओळखणाऱ्या संघटित लोकांचा हा विजय होता. एकट्या वीराची छाती तेथे पुरली नसती.

आणि खुद्द आखाडा काय शिकवितो? मार खाऊन उभे राहण्याला तेथे कसब म्हणत नाहीत. घाव कोणत्या कोनातून येईल याचा सराव आधी, पुनःपुन्हा, जोडीदारासह करावा लागतो. शिवाय शस्त्राशी झुंजत बसण्यापेक्षा शस्त्र धरणाऱ्या हातावर प्रहार करावा, असा तेथला एक नावाजलेला डाव आहे. त्याला सापाचे दात पाडणे म्हणतात. आर्निसला राष्ट्रीय मान देणाऱ्यांना हा डाव आपत्तीच्या बाबतीत पेलेल काय? तेथे हात शोधायचा झाला तर तो परवान्यावर सही करणाऱ्या अधिकाऱ्याचा, वाळूत सिमेंट वाचविणाऱ्या कंत्राटदाराचा आणि आपला वाटा उचलणाऱ्या लोकप्रतिनिधीचा निघतो.

२०१० च्या कायद्यानुसार प्रत्येक स्थानिक संस्थेने आपल्या उत्पन्नाचे किमान ५ टक्के आपत्तीनिधीसाठी राखावयाचे आहेत. वरवर हे न्याय्य दिसते. परंतु श्रीमंत शहराचे पाच टक्के आणि कोळ्यांच्या गावाचे पाच टक्के यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे; धक्का मात्र दोघांनाही सारखाच बसतो. मनिलाखालून जाणाऱ्या वेस्ट व्हॅली भ्रंशावर ७.२ क्षमतेचा भूकंप झाल्यास महानगरात सुमारे ३४ हजार माणसे मरतील आणि लाखाहून अधिक जखमी होतील, असा अंदाज जपानच्या सहकार्याने झालेल्या अभ्यासाने २००४ सालीच मांडला. त्याला दोन दशके उलटली. कोणत्या इमारती तपासल्या, कोणत्या नापास ठरल्या, त्या कोणी बांधल्या आणि त्यांना परवानगी कोणी दिली, याची यादी प्रत्येक वस्तीत जाहीर लागली पाहिजे. तेथील कामगार व झोपडवासीयांच्या संघटनांनी ही मागणी लावून धरावी. आणि लातूर-धाराशिवात व कोयनेच्या खोऱ्यात आपल्या कार्यकर्त्यांनीही ती शाळांच्या इमारतींपासून सुरू करावी.