संशय घ्या, पण लसीवर नको

आपल्या काही तरुण मित्रांच्या स्टेटसवर सध्या एक मजकूर फिरतो आहे : लस म्हणजे भांडवलदारांचा धंदा, बहुजनांच्या लेकरांवरचा प्रयोग. व्यवस्थेवर संशय घेणे ही चळवळीची सवय आहे आणि चांगलीच आहे. पण तो घ्यायचा कोणावर, हे आधी ठरवू या.

२०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवराची साथ आली. ती मलबार हिलवर नाही, गोवंडीत भडकली. लेकरे दगावली ती कष्टकऱ्यांची. कोरोनाकाळात नियमित लसीकरण विस्कळीत झाले होते, बाळांचे डोस राहिले होते. एका खोलीत सहा-सात माणसे राहतात तिथे गोवराला मोकळे रानच. संरक्षण नसलेल्या वस्तीत एक रुग्ण १२ ते १८ जणांना लागण करू शकतो. म्हणून १०० पैकी ९५ मुलांना दोन्ही डोस मिळाले तरच साखळी तुटते. पहिला डोस ९ ते १२ महिन्यांत, दुसरा १६ ते २४ महिन्यांत. मग चार महिन्यांच्या बाळाचे काय? त्याला वाचवते ती शेजारच्या पोरांनी घेतलेली लस. शास्त्र याला सामूहिक प्रतिकारशक्ती म्हणते. आम्ही बंधुता म्हणतो.

आपल्या आज्या ज्या रोगाला 'देवी' म्हणत, ज्याच्यासाठी नवस बोलत, तो लसीने जगातून घालवला. १९८० मध्ये तशी अधिकृत घोषणा झाली. सावित्रीमाई १० मार्च १८९७ रोजी प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना गेल्या. त्याच वर्षी जानेवारीत हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस स्वतःला टोचून घेतली होती. तेव्हा लस नुकतीच जन्मली होती, सगळ्यांपर्यंत पोचणे शक्यच नव्हते. आज ही सबब कोणाला देता येणार नाही.

वस्तीत काम करताना आम्हाला लसीला विरोध करणारी आई क्वचितच भेटते. भेटते ती रोजी बुडेल म्हणून न गेलेली, कार्ड हरवले म्हणून बोलणी खाऊन परतलेली. टोचल्यावर ताप येऊ शकतो हे कोणी सांगितलेच नाही, म्हणून दुसऱ्या डोसला घाबरलेली. तिला 'अडाणी' म्हणून मोकळे होणारेच खरे संशयाचे धनी.

सत्रे संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी, वस्तीतच भरवा, ही मागणी लावून धरू. आशाताईंचा मोबदला वेळेवर मिळावा, हीसुद्धा. आणि येत्या रविवारी विहारात वंदना झाली की घरोघरची लसीकरण कार्डे तपासू, दुसरा डोस राहिलेल्या बाळांची यादी करू, ती आरोग्य अधिकाऱ्याच्या टेबलावर ठेवू आणि पोच घेऊनच उठू.